दादरच्या दाण्यावर ट्रायकोडर्मा : तिसरी खेप

ट्रायकोडर्मा म्हणजे पिकाला रोग आणणाऱ्या बुरशीवर तुटून पडणारी उपकारक बुरशी. हरभऱ्याच्या बियाण्याला लावायला ती मी घरीच दादरच्या, म्हणजे ज्वारीच्या, दाण्यावर वाढवतोय. मे महिन्यातल्या दोन्ही खेपा वाया गेल्या, हे आधीच कबूल करतो. पहिलीत घाई माझीच. दादर भातासारखी मऊ शिजली, पिशवीच्या तळाला पाणी साचलं, चौथ्या दिवशी आंबूस वास. दुसरीत दाणा बरोबर होता, पण अमळनेरच्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या खोलीत ही बुरशी वाढणार कशी? तिला २५ ते ३० अंश लागतात. तिच्या जागी आली काळी भुकटी, बहुधा अ‍ॅस्परजिलस नायजर ही काळी बुरशी. ती पिशवी न उघडताच पुन्हा कुकरमध्ये घातली आणि मग फेकली. ती भुकटी नाकात जाऊ देऊ नका.

ऑक्टोबरात पुन्हा बसलो. दादर रात्रभर भिजवून जेमतेम १५ मिनिटं उकळली. नखाने दाबला तर दाणा दबावा, फुटू नये. निथळून गोणपाटावर पसरली, हाताला ओल लागेनाशी होईपर्यंत. सगळी मेख इथेच आहे. २०० ग्रॅमच्या पिशव्या, तोंडाला कापसाचं बूच, कुकरच्या शिट्टीनंतर मंद आचेवर पाऊण तास. गार झाल्यावर दिव्याच्या ज्योतीशेजारी जुन्या कल्चरचे, म्हणजे आधीच ही बुरशी वाढलेले, चार दाणे टाकले. शेजारचे आप्पा डोकावले, "काय करी ऱ्हायना रे भो, दही लावी ऱ्हायना का?" खरं म्हणजे तेच.

तिसऱ्या दिवशी पांढरी जाळी. पिशवी चोळून दाणे सुटे केले. सहाव्या दिवशी गर्द हिरवं, आणि बूच काढताच ओल्या खोबऱ्याचा वास! ट्रायकोडर्मा व्हिरिडीची ही खूण. नुसत्या हिरव्यावर भुलू नका, पेनिसिलियम ही दुसरी बुरशीही हिरवीच असते.

तरी खात्री हवी म्हणून लिटरभर पाण्याला २०० ग्रॅम बटाट्याचा काढा, २० ग्रॅम साखर आणि १५ ग्रॅम चायना ग्रास असं बुरशी वाढवायचं खाद्य केलं. गेल्या हंगामातल्या मर लागलेल्या हरभऱ्याच्या मुळावरची फ्युजेरियम, म्हणजे मर आणणारी बुरशी, त्या खाद्यावर एका कडेला, आपली दुसऱ्या. पाचव्या दिवशी हिरवी कड त्या गुलाबीसर पांढऱ्या वर्तुळावर चढलेली. शत्रूच्या धाग्याला वेटोळं घालून त्याचं कवच विरघळवायचं, हे तिचं काम.

दुकानातलं बी औषध लावलेलं निघालं. त्यात कार्बेन्डाझिमसारखं बुरशीनाशक असेल तर आपली मेहनत पाण्यात, म्हणून घरचा हरभरा घेतला. हिरवे दाणे धुऊन निघालेलं हिरवं पाणी गुळवणीत मिसळून बियाण्याला चोळलं, सावलीत सुकवून पेरलं. चार ओळी लावलेल्या, चार कोऱ्या. कोऱ्या ओळींच्या टोकाला तुरकाठी रोवली आहे, नाहीतर वडील तिथेही उरलेलं पाणी ओततील.