घरचा भाव आणि वरची मूठ

पलूस तालुक्यातल्या बचतगटांच्या महिलांना घरगुती उद्योगाचे हिशेब लावून देणं हे माझं काम. मार्चअखेरीला, मिरची भरायच्या ऐन दिवसांत, एका काकूंनी घरी बोलावलं. कांदा-लसूण मसाला करतात. मागणी दरवर्षी वाढते आहे, तरी यंदा सांगलीच्या मार्केट यार्डातून मिरची उचलायला हातात पैसे नव्हते. गटाकडून कर्ज घ्यावं का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी आधी वही मागितली.

गेल्या हंगामात 30 किलो विकला होता. त्यातला 19 किलो नणंदा, जावा, माहेरची माणसं आणि गल्लीतल्या मैत्रिणींना. बाहेरच्यांना 560 रुपये किलो, घरच्यांना 400.

"साहित्य 293 ला बसतंय ताई. चारशेला दिला तरी शंभर सुटत्यातच की," काकू म्हणाल्या.

साहित्याचा हिशेब त्यांनी चोख लिहिला होता. 5 किलो मिरचीच्या एका घाण्याला बेडगी 3 किलो आणि लवंगी 2 किलो, मिळून 1,460 रुपये. धणे आणि सुकं खोबरं सव्वा-सव्वा किलो, 550. कांदा 5 किलो आणि लसूण सव्वा किलो, 325. तीळ अर्धा किलो, 100. खडा मसाला पाऊण किलो, 900. खडे मीठ आणि तेल, 180. एकूण 3,515 भागिले 12 किलो.

वहीत जे नव्हतं ते मी विचारत गेले. डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रावर, कुटायचे किलोला 50 प्रमाणे 600, गॅस 110, पिशव्या-लेबलं 192, रिक्षा 100. शिवाय मसाला 12 किलो हातात येतच नाही. डंकावर आणि चाळणीत अर्धा किलो जातो. 4,517 भागिले साडेअकरा म्हणजे किलोला 393 रुपये, तेही रोख खर्चाचे. देठं खुडणं, लसूण सोलणं, कांदा चिरून वाळवणं, तळणं, भाजणं याला तीन रोजगार लागतात. 300 रुपये रोजानं धरले की आकडा 471 वर जातो. काकू स्वतःचा रोजगार धरत नव्हत्या. बहुतेक घरी हेच दिसतं, आणि मला ते दरवेळी खटकतं. शेजारणीला बोलावलं तर तिला रोज द्यावाच लागतो ना?

मग नणंदेला देतात तशी अर्ध्या किलोची पिशवी भरून काट्यावर ठेवायला सांगितली. काटा 550 ग्रॅमवर थांबला. "घरच्या माणसाला वर मूठभर नको व्हय?" म्हणजे 400 रुपयांत 1,100 ग्रॅम, किलोला 364. खिशातून जातात 393. किलोमागं 29 रुपये रोख तोटा, रोजगार वेगळाच. काकू बराच वेळ काट्याकडंच बघत होत्या.

पण पैसा अडकला होता तो उधारीत. घरच्यांकडं 5,200 रुपये बाकी. हा मसाला वर्षाची बेगमी असतो; दूध-भाजीसारखा रोजचा व्यवहार नाही की पुढच्या खेपेला आठवण होईल. उन्हाळ्यात दिलेली उधारी पाऊस पडला की विसरली जाते, आणि पुढच्या मिरचीच्या वेळी मागायला जीभ रेटत नाही.

नातेवाईक तक्रारही करत नाहीत, हे मला उधारीहून घातक वाटतं. मी चुलतजावेला तिथूनच फोन लावायला सांगितला. "छान होता की," ती म्हणाली. खोदून विचारल्यावर कळलं, श्रावणात तळाशी गोळे झाले होते. कारण ओलावा. तळलेला कांदा गार झाल्यावर बोटांत चुरचुर मोडला पाहिजे. लवचीक राहिला तर परत परतून घ्यायचा. डंकावरून मसाला गरम येतो. तो लगेच प्लॅस्टिकमध्ये भरला की आत वाफ धरते, म्हणून कापडावर पसरून पूर्ण गार करूनच भरायचा. पिशवीवर भरल्याची तारीख, घटक, निव्वळ वजन आणि अन्नसुरक्षा नोंदणीचा क्रमांक हवाच, घरच्यांच्याही.

दुपारपर्यंत ठरलं ते असं. भाव सगळ्यांना एकच, 560. पिशवी बरोबर 500 ग्रॅमची. नणंदेला माहेरचं म्हणून द्यायचंच आहे, तर पाव किलोची वेगळी पिशवी उघडपणे भेट द्यायची आणि वहीत भेटीच्या रकान्यात 118 रुपये लिहायचे. भावात आणि मुठीत लपवलेली माया ना घेणाऱ्याला कळते, ना देणाऱ्याला मोजता येते. "महाग वाटतंय" म्हणणाऱ्याला दर कमी करायचा नाही, पाव किलोच घे म्हणायचं.

मसाल्याची मागणी नोंदवताना अर्धे पैसे आगाऊ. किलोमागं 280 येतात. साहित्य जवळजवळ तेवढ्यातच बसतं. भावकीच्या ग्रुपवर फक्त नवा भाव आणि नोंदणीची शेवटची तारीख टाकली. उधारीची बाकी ज्याची त्याला वेगळी कळवली, रकमेसह, क्यूआर कोड जोडून. चारचौघांत बाकी काढली तर पैसेही जातात आणि माणूसही.

माहेरच्या वहिनींनी तासाभरात मागचे 800 पाठवले. "सांगायचं की आधी, मी तर दिलेत असंच धरून होते," म्हणाल्या. चुलतजावेनं मात्र भाव ऐकून यंदा घरीच करते म्हणून कळवलं. तिच्या 3 किलोवर पाणी सोडायला काकू तयार झाल्या.

कर्जाचं गणित शेवटी मांडलं. 5,200 बाकी आली आणि 10 किलोची नोंदणी झाली तर 2,800 आगाऊ, मिळून 8,000. दोन घाण्यांचं साहित्य 7,030. अर्ज बाजूला ठेवला. आधी एकाच घाण्याची मिरची आणायची आणि डंकावर नंबर कांदा वाळल्याशिवाय लावायचा नाही, असं ठरवून मी निघाले.