हरकतीची पोच

आमचं गाव साताऱ्यातल्या बामणोलीच्या अंगाला, शिवसागराच्या म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या काठावर. पर्यटनाचा आराखडा आला तेव्हा ग्रामपंचायतीत नकाशा डकवला होता. नुसते रंग आणि गट नंबर. जांभळ्याचा अर्थ ग्रामसेवक भाऊसाहेबांनाही सांगता येईना. मागच्या पिढीची शेतं कोयना धरणात गेली, त्यामुळे नकाशा म्हटलं की म्हातारी माणसं आधी सातबारा शोधतात.

ग्रामसभेला माणसं भरली बत्तीस. कोरमला, म्हणजे किमान हजेरीला, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातला कमी असेल तो आकडा लागतो. अर्धं गाव मुंबईला माथाडीत, माणसं आणायची कुठनं? सभा तहकूब. मला वाटलं, बरं झालं, वेळ मिळाला. कसला वेळ! तहकूब सभेला कोरमच लागत नाही. पाच डोक्यांतही ठराव होतो. हे कळलं त्या रात्री बॅटरी घेऊन वाडीवाडीला फिरले.

खरं काम झालं ते महिला सभेत. ग्रामसभेआधी ती घ्यावीच लागते. एरवी रजिस्टर घरोघर फिरवून सह्यांवर उरकतात. या वेळी देवळाच्या फरशीवर आम्ही रांगोळीनं शिवार काढलं. ओढा, पायवाट, देवराई, झरा. मग भाऊसाहेबांनी नकाशातलं वाहनतळ दाखवलं. शेजारच्या काकी म्हणाल्या, "अवो, ह्यो तर झऱ्याचा गट! चैतात पाणी कुठनं आणायचं आम्ही?" धरणाकाठी राहून पाण्याची वणवण, हे बाहेरच्यांना पटत नाही. उन्हाळ्यात पाणी खाली हटतं, आम्हाला चढ तेवढा उरतो.

पर्यटन नको असं कुणीच म्हणत नव्हतं. कास पठारावर आजूबाजूच्या गावांच्या समित्या फुलांचा हंगाम सांभाळतात, बामणोलीच्या होड्या वासोटा किल्ल्याला जाणारी माणसं नेतात. तसं काम आमच्या पोरांनाही द्या, एवढंच लिहून घेतलं.

ठरावाबरोबर घरटी वेगळ्या हरकती जोडल्या. कार्यालयात "ठेवून जा" म्हणाले. पोच मागितली तर साहेब नाहीत, शिक्का कपाटात. तिसऱ्या खेपेला काकी टेबलासमोर डबा उघडून बसल्या, तेव्हा शिक्का सापडला.

सुनावणी जेमतेम पाच मिनिटं. झऱ्याचा गट वगळू, असं तोंडी सांगितलंय. लेखी यायचंय. काकींनी पोचेची झेरॉक्स सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवलीय.