इंग्लंडहून निवृत्त होऊन नाशिकला परतताना

परत जायचं हे मनाने कधीच ठरवलेलं असतं. तारीख मात्र मी प्राप्तिकराचे नियम बघून ठरवली. आर्थिक वर्षात 182 दिवस भारतात भरले की आपण करापुरते रहिवासी, आणि मग तिकडच्या उत्पन्नावरही इथे कर. त्यामुळे ऑक्टोबर उलटल्यावर यावं, म्हणजे मार्चअखेरपर्यंत तेवढे दिवस भरत नाहीत. पण त्याच वर्षातल्या आधीच्या फेऱ्याही मोजतात, आणि मागच्या चार वर्षांत मिळून 365 दिवस इथे काढले असतील तर कायमचं परतणारा रहिवासी ठरायला 60 दिवसही पुरतात. लग्नकार्यांना वारंवार येणारे इथेच अडकतात. रहिवासी झाल्यावरही, आधीच्या दहापैकी नऊ वर्षं अनिवासी असलो तर ‘आरएनओआर’ (रहिवासी, पण सामान्य रहिवासी नाही) हा दर्जा मिळतो आणि तिकडेच जमा होणाऱ्या व्याजावर तेवढा काळ इथे कर लागत नाही.

बँकेचा हिशेब वेगळा. कायमचं राहायला आलात की फेमाखाली (परकीय चलनाचा कायदा) लगेच रहिवासी. एनआरई (अनिवासींचं) खातं साध्या खात्यात बदलायचं किंवा पैसे आरएफसी (परतलेल्यांच्या परकीय चलनाच्या) खात्यात त्याच चलनात ठेवायचे. काउंटरवर प्राप्तिकर आणि फेमा हे दोन कायदे हमखास एकमेकांत मिसळतात.

ब्रिटिश सरकारी पेन्शनला किमान 10 वर्षांचं नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापली जाणारी तिथली वर्गणी) लागतं, पूर्ण रकमेला साधारण 35. भारतात राहणाऱ्याला दर एप्रिलची वाढ मिळत नाही; सुरू झालेला आकडा तिथेच गोठतो. वीस वर्षांचं बजेट त्याच आकड्यावर मांडावं, पाउंड वधारेल या आशेवर नाही. पैसे दर 4 किंवा 13 आठवड्यांनी इथल्या खात्यात येतात. अधूनमधून हयातीचा फॉर्म टपालाने येतो. साक्षीदाराच्या सहीने तो परत गेला नाही तर पेन्शन थांबते. म्हणून पत्ता पिनकोडसकट कळवावा. आपल्याकडे गंगापूर रोड आणि नाशिक रोड ही शहराची दोन टोकं आहेत, हे न्यूकॅसलच्या पेन्शन कार्यालयाला कुठून कळणार?

सगळ्यात वेळखाऊ काम निफाडच्या वडिलोपार्जित जमिनीचं. ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळच्या भारतीयांना मिळतं ते) शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने मात्र मिळते. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र आणि सातबारा जोडून तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) अर्ज करायचा. ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवरूनही होतो. फेरफार धरला की नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. बहिणींची नावं गाळून अर्ज टाकण्याची जुनी खोड आहे. पुढचे वाद नेमके तिथूनच उगवतात. कुणाला हिस्सा सोडायचाच असेल तर आधी नाव लावावं, मग नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावं. नावांचं स्पेलिंग पासपोर्ट, जन्मदाखला आणि सातबाऱ्यावर वेगवेगळं निघतं, त्यासाठी ही सगळी नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र तयार ठेवावं. तिकडून कुलमुखत्यारपत्र पाठवायचं असेल तर नोटरी आणि अपोस्टिल (परदेशात चालणारं सरकारी प्रमाणीकरण) करून, महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं.

ओसीआयधारकाला आधारसाठी मागच्या बारा महिन्यांत 182 दिवसांचा मुक्काम लागतो. तोवर पॅन, पासपोर्ट आणि भाडेकरारावर भागवायचं. पॅन इंग्लंडहून निघण्याआधीच काढून ठेवावं.

आरोग्य विमा परतण्याआधी घेतलेला बरा. मधुमेह, रक्तदाब अशा आधीच्या आजारांना 36 महिन्यांपर्यंत प्रतीक्षा असते आणि ते घड्याळ पॉलिसीच्या तारखेपासून चालतं. एनएचएसच्या (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) डॉक्टरकडून आजारांचा सारांश आणि औषधांची मूळ नावं लिहून आणावीत. तिथली ब्रँड इथल्या मेडिकलवाल्याला ओळखू येत नाहीत.

इथे भावंडं भेटली तरी नातवंडं तिकडेच राहिली. त्यांची शाळा सुटते तेव्हा हिवाळ्यात नाशिकला रात्रीचे नऊ आणि उन्हाळ्यात आठ वाजलेले असतात, जेवण त्या हिशेबाने. त्यांना भेटायला जाताना प्रवास विमा काढावाच. पासपोर्ट ब्रिटिश असला तरी तिथे राहत नसणाऱ्याला रुग्णालयातल्या उपचारांचं बिल येतं.