न वाजणारा माऊस

दुकानात माऊस मागितला की दुकानदार आधी डीपीआय, म्हणजे माऊस किती बारीक हालचाल टिपतो तो आकडा, सांगतो. सोळा हजार, पंचवीस हजार... गेम खेळणाऱ्या पोरांना त्याचं अप्रूप असेल. मी घरच्या घरी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतो, मला हजारभर डीपीआयही पुरतो. माझा पहिला प्रश्न असतो, "वाजतो किती?" त्यावर तो असा बघतो, जणू मी चप्पल किती गोड आहे असं विचारलंय.

कंडेन्सर माइक मोठा चहाडखोर. वीतभर अंतरावरच्या ओठांइतकाच टेबलावरचा 'टक्'ही तो इमानेइतबारे टिपतो. वाक्य संपतं न संपतं तोच रेकॉर्डिंग थांबवावं, तर शेवटच्या अक्षराच्या शेपटीला ती टक् चिकटलेलीच. सायलेंट बटणांचा माऊस घेतला की हा ताप संपतो. बोटाला मात्र बटण दाबल्याचं समाधान जरा कमी मिळतं.

खरी परीक्षा चाकाची. ऑडॅसिटी या आवाज कापायच्या प्रोग्रॅममध्ये कंट्रोल दाबून चाक फिरवलं की पडद्यावरची आवाजाची लहर मोठी होते, शिफ्ट दाबून फिरवलं की आडवी सरकते. रीपर या तशाच दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये तर नुसत्या चाकावरच झूम. आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने, आणि त्यात ओठ सुटल्याची एक टिचकी शोधायची. आत शिरा, कापा, बाहेर या, पुढच्या वाक्याला पुन्हा तेच. म्हणून चाकाला बोटाला कळतील अशा खाचा हव्यात. गुळगुळीत चाकावर 'प' शोधता शोधता माणूस पुढच्या परिच्छेदात पोचतो.

तरीही माझं मत ट्रॅकबॉललाच: तो जागचा हलत नाही, त्यात बसवलेला चेंडू बोटाने फिरवला की कर्सर हलतो. दिसायला माऊसचा धाकटा भाऊ, पण आहे थोरला: कॅनडाच्या नौदलासाठी १९५२ च्या सुमारास बनवलेल्या ट्रॅकबॉलमध्ये चक्क बोलिंगचा चेंडू होता, माऊसचा जनक एंगलबार्ट याचा लाकडी माऊस १९६० च्या दशकातला. चेंडूवरून बोट उचललं की कर्सर जागचा हलत नाही. कापायची जागा नेमकी धरली आणि क्लिक करतानाच हात केसभर सरकला, ही रड उरत नाही. स्क्रिप्टचे कागद, पाण्याचा तांब्या, हेडफोन या पसाऱ्यात त्याला जागाही तळहाताएवढीच लागते.

चेंडू आत ज्या बारीक मण्यांवर टेकतो, त्यांवर राखाडी मळ जमतो. कर्सर अडखळायला लागला की चेंडू काढून नखाने तो खरवडायचा. किळसवाणं काम, पण मला आवडतं.

घरात दुसऱ्या कुणालाही हा प्रकार जमत नाही. मुलगी येते, चेंडू फिरवते, कर्सर भलत्याच कोपऱ्यात जातो, आणि "बाबा, हे काय घेऊन बसलायस!" म्हणत ती निघून जाते. अर्धवट कापलेल्या माझ्या फायलींना त्यामुळे कुणी हात लावत नाही.