पायऱ्या निसरड्या असतील

रविवार, रात्री

काल संध्याकाळी अण्णांनी आमच्या रविवारच्या फिरण्याच्या ग्रुपवर लिहिले की उद्या पांडवलेणीऐवजी गोल्फ क्लबच्या मैदानावर जमावे, कारण पायऱ्या निसरड्या असतील. गेला आठवडाभर नाशकात पावसाचा टिपूस नाही, आणि भर आषाढात त्याच पायऱ्यांवरून पाणी वाहत असताना अण्णांनीच आम्हाला वर नेले होते. तरीही पाहता पाहता सगळ्यांचे होकार आले. एरवी वेळ बदलली तरी वाद घालणाऱ्या वहिनींनीसुद्धा कारण विचारले नाही. त्या होकारांच्या घाईवरूनच मला कळले की हा निर्णय आधीच कुठेतरी झालेला आहे आणि तो माझ्या उजव्या गुडघ्यामुळे झालेला आहे.

आज मैदानावर फेऱ्या घालताना कांद्याचे भाव झाले, गंगापूर धरणातून सोडलेले पाणी झाले, गणपतीत कोणाकडे किती पाहुणे आले तेही झाले, पण गुडघ्याचे नाव कोणीही काढले नाही. नेहमी सर्वांच्या पुढे असणारे अण्णा माझ्या बरोबरीने चालत होते आणि आपण मुद्दाम हळू चालत आहोत हे लपवण्यासाठी मधूनमधून थांबून बुटाची नाडी बांधत होते. मला त्यांचा राग येत होता, आणि रागावण्यासारखे त्यांनी काहीच केलेले नाही, याचा त्याहून अधिक राग येत होता.

हे इतके का लागावे, याचा दिवसभर विचार करते आहे. चैत्रात सप्तशृंगीला गेलो तेव्हा पायऱ्या सोडून मी ट्रॉलीने वर गेले. ती 2018 पासून सुरू आहे, तिच्यात तरणीताठी मुलेही बसतात, आणि तिकीट काढले की कोणाचे उपकार राहत नाहीत. देवीपुढे उभी राहताना मला जराही ओशाळल्यासारखे झाले नव्हते. (तिसऱ्या श्रावणी सोमवारच्या ब्रह्मगिरीच्या फेरीचे मात्र वेगळे, त्याबद्दल आज लिहीत नाही.) म्हणजे पायऱ्या चढायला मिळाल्या नाहीत याचे हे दुःख नव्हे. चार माणसांनी माझ्यासाठी आपला रविवार बदलला आणि वर ते मला कळू नये याचीही काळजी घेतली, हे लागले आहे. आजाऱ्याच्या खोलीबाहेर लोक आवाज उतरवून बोलतात, तसे माझ्याबद्दल कोणीतरी कोणाशी तरी फोनवर बोलले असणार.

खरे तर पांडवलेणी चढताना मला फारसे काही होत नाही. वर पोहोचले की तिसऱ्या लेण्यापुढे घटकाभर टेकायचे, हा आमचा जुना नेम आहे. तिथे ओसरीच्या पायाशी यक्ष अख्ख्या विहाराचा भार खांद्यांवर घेऊन अर्धे जमिनीत गाडल्यासारखे आहेत. त्यांचे गुडघे दिसतच नाहीत, हे माझ्या लक्षात या उन्हाळ्यात आले. इतकी वर्षे मी त्यांचे फक्त चेहरे पाहत होते. कळ येते ती उतरताना, वाटीच्या मागे. त्या वेळी मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच अंगाचा भार आवरून धरतो आणि वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. पायऱ्या उतरताना सांध्यावर अंगाच्या वजनाच्या तिपटीहून अधिक भार येतो, असे फिजिओथेरपिस्ट मुलीने सांगितले, आणि एक किलो वजन उतरले तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार कमी होतो, हेही लगेच जोडले. हा हिशेब तिने माझ्याकडे न पाहता, कागदावर काहीतरी लिहीत सांगितला. तिचेही ते सांभाळून घेणेच होते.

एक्स-रेमध्ये वयाच्या मानाने फारसे काही निघाले नाही. हे ऐकून बरे वाटायला हवे होते, पण एवढे दुखूनही दाखवायला काही नाही, याचे मला वाईटच वाटले. फोटोत दिसणारी झीज आणि प्रत्यक्षातले दुखणे यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही म्हणे. मुळात कूर्चेला, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत आवरणाला, संवेदनाच नसते. दुखते ते तिच्या खालचे हाड आणि सांध्याचे अस्तर. तिच्यात रक्तवाहिन्याही नसतात, म्हणून हालचालीने तिच्यावर दाब पडतो आणि सुटतो, तेव्हाच सांध्यातल्या द्रवातून तिचे पोषण होते. थोडक्यात, बसून राहणे हा उपाय नाही आणि सपाटीवर चालणे चांगले. अण्णांनी निवडलेले मैदान वैद्यकीय दृष्टीनेही योग्यच होते, ही गोष्ट आज सकाळी मला मुळीच ऐकायची नव्हती.

वैशाखात वहिनी सर्वांदेखत, "तुझ्या वाट्या झिजल्या, वंगण संपलं," असे म्हणत होत्या आणि डिंकाचे लाडू पाठवत होत्या. लाडू उत्तम होते. चार किलोंच्या त्या हिशेबात ते कुठे बसतात, ते मी पाहिले नाही. तेव्हा त्यांच्या बोलण्याचा वैताग येत असे. त्या बोलायच्या थांबल्या कधी, हे मात्र आठवत नाही. माणूस जेव्हा खरोखरच उतरणीला लागते, तेव्हाच बहुधा लोक त्याची थट्टा थांबवतात. आई शेवटी शेवटी वाड्याचा जिना बसून उतरायची, आणि आम्ही सगळे तेवढ्यापुरते दुसरीकडे पाहायचो. तो विषय आज नको.

दुपारी अंथरुणावर पडल्या पडल्या मी अण्णांच्या जागी स्वतःला उभे करून पाहिले. त्यांनी "जमेल का तुला?" असे विचारले असते, तर मी "न जमायला काय झालं?" म्हणून चढले असते आणि उतरताना कठडा धरून सर्वांना ताटकळत ठेवले असते. मला न विचारता ते सगळे लेण्यांवर गेले असते, तर मी घरी बसून त्यांचे फोटो पाहत कुढले असते. वहिनींनी ग्रुपवर सरळ माझ्या गुडघ्याचे कारण लिहिले असते, तर मी ग्रुपच सोडला असता. सगळ्या वाटा मीच बंद करून ठेवल्या होत्या. मग त्या बिचाऱ्यांनी कोरड्या पायऱ्यांवर शेवाळ उगववले, तर त्यात त्यांचा काय दोष? नाड्या बांधायला वाकलेले अण्णा आठवून मला एकटीलाच हसू आले. उलट त्यांच्याच गुडघ्यांना आज जास्त व्यायाम झाला असेल.

पायऱ्यांना मला बंदी नाही. दुखणे सोसवेल एवढे असावे आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत शमावे, एवढीच अट आहे. शिवाय चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा पाय आधी टाकायचा. संध्याकाळी ह्यांना सगळे सांगितले, तर हे म्हणाले, "मग उतरायला मला वेळ लागेल, एवढं लिहून टाक की." मी ते लिहिले, पुसले, पुन्हा लिहिले आणि शेवटी पाठवले: पुढच्या रविवारी पांडवलेणी, उतरताना मी सर्वांच्या मागे राहीन, कोणीही नाड्या बांधायच्या नाहीत. अण्णांचा ताबडतोब फोन आला. नाड्यांबद्दल ते अवाक्षरही बोलले नाहीत. मात्र सहाला निघायचे की साडेपाचला, यावर आम्ही बराच वेळ भांडलो.

आता गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची आहे आणि मग पाय सरळ ठेवून उचलायचा आहे. न दुखणाऱ्या पायालाही तेवढेच करावे लागते आणि त्याचाच मला अधिक कंटाळा येतो. ह्यांना मोजायला बसवले, तर बातम्या पाहता पाहता हे मधले आकडे गाळतात, आणि डाव्या पायाच्या वेळी मी ते गाळू देते.