अर्जात शाळेसाठी रकानाच नव्हता

'संशोधनाचा विषय, विद्यापीठाचे नाव, मार्गदर्शकाचे नाव.' दफ्तरखान्याच्या, म्हणजे जुने सरकारी कागद जपणाऱ्या कचेरीच्या, अर्जावरचे हे तीन रकाने माझ्या अजून डोळ्यांसमोरून जात नाहीत. मी शाळेत इतिहास शिकवते. मला सातवीच्या मुलांना दाखवायला एक-दोन जुन्या मोडी कागदांच्या प्रती हव्या होत्या, एवढंच.

सातवीचा पहिलाच धडा 'इतिहासाची साधने'. भौतिक, लिखित, मौखिक अशी यादी मुलं घडाघडा म्हणतात आणि लिखित साधन म्हणजे नेमकं काय, ते एकाही मुलानं पाहिलेलं नसतं. मराठ्यांच्या इतिहासाचे लाखो कागद महाराष्ट्रात जपून ठेवलेले आहेत, ते पोरांच्या नजरेला पडू नयेत याचं मला फार वाईट वाटायचं. म्हणून जूनमध्येच अर्ज केला.

मार्गदर्शकाच्या रकान्यात 'लागू नाही' लिहिलं. अर्ज परत आला. 'रकाना रिकामा सोडता येत नाही.' मुख्याध्यापकांचं पत्र जोडून पुन्हा दिला, तर पत्रावर जावक क्रमांक नाही म्हणून परत. तो घातला. मग म्हणाले, कोणता रुमाल हवा ते लिहा. (जुने कागद कापडात बांधून ठेवतात, त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात.) रुमालाचा क्रमांक यादीत पाहायचा, आणि यादी परवानगी मिळालेल्यालाच दाखवतात! हे मी तिथे तीन वेळा बोलून दाखवलं. प्रत्येक वेळी उत्तर एकच, 'साहेब आले की विचारा.' साहेब दौऱ्यावर. शाळेतून अर्धी रजा टाकून जायचं, बाकावर बसायचं आणि चार वाजता परत फिरायचं. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला, आणि तो धडा वर्गात कागदाशिवायच शिकवून झाला. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. शाळेतली मुलं जुने कागद वाचतील ही शक्यताच तो अर्ज तयार करणाऱ्याच्या मनात आली नव्हती.

शेवटी तिथल्याच एका वयस्कर कर्मचाऱ्यानं मला बाजूला बोलावलं. "बाई, विषयात 'अध्यापन साहित्य निर्मिती' लिहा आणि मार्गदर्शक म्हणून मुख्याध्यापकांचं नाव घाला." चौथा अर्ज आठ दिवसांत मंजूर झाला. यादीसुद्धा त्यांनीच उघडून दिली. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

इथे एक सांगून ठेवते: प्रत्येक अर्जाची पोच घ्या. माझा दुसरा अर्ज 'आलाच नाही' असं ऐकावं लागलं, तेव्हा पोचेमुळेच वाचले. आत शाईचं पेन नेऊ देत नाहीत, पेन्सिल बरोबर ठेवा.

दिवाळीनंतर प्रती हातात आल्या. एक कौल (सरकारनं दिलेलं लेखी वचन) होता, गाव सोडून गेलेल्या रयतेला परत येऊन जमीन कसण्याचं अभय देणारा. मी त्याच्या मोठ्या प्रती काढून चार-चार मुलांत एक दिली आणि बाळबोध (म्हणजे देवनागरी) लिप्यंतर मुद्दाम मागे ठेवलं. ते आधी दिलं की मूळ कागदाकडे कुणी बघत नाही. पहिली दहा मिनिटं नुसती कुजबुज. मग एक मुलगी म्हणाली, "बाई, यांनी रेघ आधी मारलीय, अक्षरं नंतर लटकवलीत." अगदी खरं! मोडीत ओळभर रेघ आधी ओढतात, शब्द तोडत नाहीत.

लिप्यंतरात 'बेचिराग' शब्दावर वर्ग अडला. मी अर्थ सांगितला नाही. चिराग म्हणजे दिवा, हे एकाला आठवलं. मग सगळ्यांच्या लक्षात आलं, गावात एकही दिवा लागत नाही, गाव ओस पडलंय.

कालगणनेला वेगळा तास ठेवा. सरावाला मी फळ्यावर लिहिलं 'इहिदे सितैन मया व अलफ'. हे अरबी संख्याशब्द: एक, साठ, शंभर, हजार, म्हणजे शुहूर सन ११६१. शुहूर सन ही मराठ्यांच्या कागदांत वापरलेली कालगणना. हे साल मृगाला सुरू होतं, म्हणून इसवी सन काढायला डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढे ६००. मी म्हटलं, महिना जानेवारी धरा. "१७६१! पानिपत!" अख्खा वर्ग ओरडला.

आणि दफ्तरखान्यात अडकलात तर थांबू नका, हे मला फार उशिरा सुचलं. शाळेचं जनरल रजिस्टर (मुलांच्या दाखल होण्याची आणि शाळा सोडण्याची नोंदवही) हेही अस्सल साधनच आहे. नावांवर कागदाची पट्टी ठेवून मी १९७२-७३ ची पानं मुलांना दाखवली. 'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यात एकाखाली एक 'गाव सोडले' असंच लिहिलेलं. दुष्काळाचं साल. कौल वाचलेली मुलं त्या पानावर गप्प झाली. नंतर एकानं विचारलं, "बाई, ते परत आले का?"

रजिस्टरात शोधलं, दोन नावं पुन्हा दाखल झालेली सापडली. कौलातल्या गावाचं मात्र उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्याच गावाच्या पुढच्या सालांच्या जमाबंदीचे (शेतसाऱ्याच्या आकारणीचे) कागद मागणारा अर्ज परवा देऊन आले. पोच घेतली आहे.