तुम्ही विचारलंत म्हणून: हंगाम ऑक्टोबरात, मग मार्चात रानात काय?

डेट्रॉईटकडचा गणपती असो, डोहाळजेवण असो, की कुणाच्या बेसमेंटमधला दिवाळीचा फराळ असो, मला हमखास एकच प्रश्न दोन भागांत येतो. हरणांच्या शिकारीचा हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो, मग तू मार्चपासून रानात काय करत असतेस? आणि झाडाला दोरीने टांगून कसलं घेतेस, सरळ मचाण बांधून बसता येत नाही का? (तिसरा प्रश्न, म्हणजे हरणं मारतेसच कशाला, मावशीमंडळी तोंडाने विचारत नाहीत, नुसतं बघतात. तर मावशी, आम्ही ते मांस खातो, मिशिगनमध्ये हरणं भरपूर आहेत आणि परवाना काढून केलेली शिकार इथे कायद्यात बसते. भारतात १९७२ च्या कायद्याने आणि त्याच्या पुढच्या दुरुस्त्यांनी शिकार बंद झाली ते योग्यच झालं, असं माझं मत आहे. दोन्ही गोष्टी एका माणसाला एकाच वेळी पटू शकतात.)

मचाणाचं आधी सांगते. माझी स्वतःची जमीन नाही. मी जाते ती सरकारी रानात, बहुतेक वेळा वॉटर्लूला. अ‍ॅन आर्बरच्या पश्चिमेला, जॅक्सनच्या वाटेवर, साधारण २१ हजार एकर पसरलेलं रान. हिमनदीने टाकलेल्या टेकड्या, मध्ये तळी, आणि टेकड्या संपतात तिथे दलदल. या जमिनीवर कायमचं मचाण बांधता येत नाही. झाडाची साल भेदून आत जाईल असं काहीही वापरायचं नाही, म्हणजे खिळा नाही, स्क्रूची पायरी नाही. मी धनुष्यबाणाने शिकार करते, पण बाणाला वाट हवी म्हणून झाडझाडोरा छाटायचा नाही. पण समजा कायद्याने परवानगी दिली असती, तरी मी मचाण बांधलं नसतं. मचाण एका जागी असतं आणि वारा एका दिशेचा नसतो. पश्चिमेच्या वाऱ्याला जी जागा उत्तम, तीच दक्षिणेच्या वाऱ्याला तुमचा वास थेट हरणाच्या नाकात नेऊन सोडते. शिवाय एकाच झाडावर चारदा बसलात की मोठा नर ते झाड ओळखून वाट बदलतो.

म्हणून मचाणाऐवजी सॅडल. सॅडल म्हणजे गिर्यारोहणाच्या हार्नेसचंच भावंड, फक्त बूड टेकायला रुंद पट्टा. त्याच्या दोन्ही बाजूंना जोडलेली एक आखूड दोरी पोटासमोर येते, तिला ब्रिज म्हणतात. झाडाला डोक्याच्या थोडं वर दुसरी दोरी आवळायची, ती टेदर. ब्रिज आणि टेदर कॅराबिनरने, म्हणजे झडपेच्या धातूच्या कडीने, जोडायचे, पायाखाली झाडाला पट्ट्याने बांधलेला वीतभर रुंदीचा प्लॅटफॉर्म, आणि झाडाकडे तोंड करून मागे रेलायचं. हरीण दिसलं की खोडाच्या आड सरकता येतं, हा मोठा फायदा. मी उजव्या हाताची, त्यामुळे डावीकडचा बाण सोपा जातो आणि उजवीकडे वळणं अवघड. हरणाची वाट डाव्या हाताला येईल असं झाड मिळालं तर अर्धं काम झालं. सगळं मिळून ओझं सात-आठ किलोंचं, पाठीवरच्या पिशवीत मावणारं. वारा फिरला की उतरायचं, दुसरं झाड.

सह्याद्रीत सुळके चढलेल्या माणसाला यात नवं फार थोडं आहे. प्रुसिक गाठ (मोकळी असताना दोरीवर सरकते, वजन पडलं की आवळते) तीच, कॅराबिनर तेच. चढताना कमरेभोवतून झाडाला वेढणारी दोरी मात्र आपल्याकडच्या वायरमनची. ती जमिनीवरच अडकवायची आणि वर गेल्यावर टेदर अडकवून, त्यावर वजन टाकून बघेपर्यंत सोडायची नाही. टेदरच्या टोकाला जाडजूड गाठ हवीच, म्हणजे प्रुसिक सरकला तरी दोरीबाहेर जाणार नाही. आणि टेदर कधी ढिला ठेवायचा नाही. ही स्टॅटिक दोरी असते, ताणत नाही. दोन-तीन फुटांची ढील देऊन पडलात तर दोरी तुटणार नाही, पण झटका सगळा तुमच्या कंबरेला. दरवर्षी मी दोऱ्या हातातून इंच इंच काढते. कुठे चकचकीत, कडक लागलं, कुठे आतला गाभा पोकळ वाटला, तर ती दोरी त्याच दिवशी कापून टाकायची. न कापता ठेवली की कपडे वाळत घालायला म्हणून राहते आणि पुढच्या वर्षी पुन्हा पिशवीत शिरते.

आता मार्च. खरं सांगायचं तर शिकार मार्चातच होते, ऑक्टोबरात फक्त हजेरी लावायची असते. मार्चात बर्फ वितळत आलेलं असतं, पालवी फुटायला अवकाश असतो, त्यामुळे गेल्या शरदात हरणांनी जे जे केलं ते उघड्यावर पडलेलं दिसतं. नराने शिंगं घासून साल सोललेली झाडं अजून पिवळसर झळकतात. घासलेली बाजू ज्या दिशेला, त्या दिशेने तो आला. अशी तीन-चार झाडं एका ओळीत दिसली की त्याचा रस्ता कळला. स्क्रेप म्हणजे खुराने उकरलेली माती, तिच्यावर बरोबर तोंडाच्या उंचीला एक चघळलेली, मोडकी फांदी. नवखे लोक स्क्रेप बघून हरखतात. मी फारशी हरखत नाही, कारण तिथे नर बहुतेक रात्रीच येतो, आणि रात्री शिकार करायची नसते.

मला हव्या असतात त्या निजायच्या जागा. टेकडीवर हरीण साधारण वरच्या तिसऱ्या भागात, वाऱ्याच्या आडोशाला बसतं. पाठीमागून येणारा वारा नाकाला सांगतो, समोरचा उतार डोळ्यांना दिसतो. दलदलीत ते पाणकणसांच्या मधोमध एखाद्या उंचवट्यावर असतं, अंगणाएवढी कोरडी जागा, दोन-चार टॅमरॅक झाडं. नकाशावर असा उंचवटा दिसत नाही. तिथे गुडघाभर थंड पाण्यातून चालतच जावं लागतं. पोचल्यावर दिसतो तो दबलेल्या गवताचा लंबगोल. मी त्यात गुडघे टेकून बसते आणि हरणाच्या उंचीवरून बघते की इथून काय काय दिसतं. माझी नेहमीची यायची वाट दिसली, तर ती वाट रद्द. तळाशी राखाडी-पांढरे केस असतात; एकच मोठा लंबगोल असेल तर बहुधा नर, लहानमोठे तीन-चार असतील तर मादी आणि पिल्लं. मार्चात हे सगळं तुडवलं तरी चालतं, ऑक्टोबरपर्यंत हरणं विसरतात. सप्टेंबरात तिथे पाऊल टाकलंत तर हंगामापुरतं तिथलं हरीण गेलं समजा.

झाडंही मार्चातच निवडायची, आणि आमच्या भागात याला एक विशेष कारण आहे. अ‍ॅश झाडांना मारणारा हिरवा भुंगेरा अमेरिकेत पहिल्यांदा सापडला तो इथेच, डेट्रॉईटजवळ, २००२ साली. आशियातून आला, बहुधा लाकडी खोक्यांतून. तेव्हापासून रानात मेलेली अ‍ॅश झाडं जागोजाग उभी आहेत. सरळसोट, हव्या तितक्या जाडीची, मोह पडावा अशी. पण ही झाडं वाळली की ठिसूळ होतात आणि मधूनच मोडतात. सालीवर इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची बारीक भोकं दिसली की पुढे चालायचं. दुसरा शत्रू पॉयझन आयव्ही, जिचं तेल अंगाला लागलं की खाज आणि फोड येतात. तिची वेल झाडावर चढते तेव्हा खोडाला धरून राहायला तांबूस केसाळ मुळं फुटतात. हिवाळ्यात पानं नसली तरी वेलीच्या अंगात तेल असतंच, आणि सॅडलवाली व्यक्ती तासन्‌तास त्याच खोडाला मिठी मारून असते. पुढचं सांगायला नको.

वाऱ्याचा अंदाज फोनवर मिळतो, पण तो विमानतळाचा. दरीतला वारा वेगळा. सकाळी ऊन पडलं की हवा उतारावरून वर चढते, संध्याकाळी गार होऊन पाण्यासारखी खाली उतरते. हे बघायला मी खिशात मिल्कवीडचं बोंड ठेवते. आपल्या रुईच्या कुळातलंच झाड आहे, त्याचीही तशीच म्हातारी उडते. एक सोडायची आणि नजरेने पाठलाग करायचा. पन्नास पावलांवर जाऊन ती अचानक वळते, खाली बुडते, कधी गोल फिरून परतही येते. दुकानात मिळणारी पावडर दोन हातांवर दिसेनाशी होते. म्हातारी फुकट आणि जास्त प्रामाणिक.

उन्हाळ्यात मी रानातून बाहेर असते. गोचीड आहे, लाइमचा आजार आहे, आणि हरणांना एकटं सोडायचं असतं. ऑगस्टच्या संध्याकाळी रस्त्याकडेला गाडी लावून दुर्बिणीतून सोयाबीनची शेतं बघायची, शिंगांवर अजून मखमल असलेले नर तेव्हा बिनधास्त उघड्यावर चरतात. पण त्यांच्या भरवशावर राहायचं नाही. सप्टेंबरात पांढऱ्या ओकची फळं गळायला लागली की सोयाबीन सोडून ते ओककडे वळतात. लाल ओकचं फळ कडू, ते नंतर खातात. म्हणून कुठले पांढरे ओक यंदा धरलेत, हे पाहायला सप्टेंबरात एक धावती फेरी, तीसुद्धा दुपारी आणि काठाकाठाने.

उन्हाळ्यातलं खरं काम घरी असतं: सामानाचा आवाज बंद करणं. झाडाला बांधून शिडीसारख्या चढायच्या काठ्या अ‍ॅल्युमिनियमच्या. एकमेकींवर आपटल्या की जो टणत्कार होतो, तो रानात दुसऱ्या कशाचाच नसतो. म्हणून जिथे धातू धातूला लागेल तिथे हॉकीची कापडी टेप गुंडाळायची, बकल पट्ट्यांत खोचायची. मग रात्री सगळे झोपल्यावर किचनमधला दिवा बंद करून पिशवी उघडायची आणि अंधारात एकेक वस्तू काढायची. जे वाजेल त्याला अजून टेप. माझ्या नवऱ्याला आता या वेळी पाणी प्यायला खाली न येण्याची सवय झाली आहे. अंगणातल्या मेपलवर गुडघ्याएवढ्या उंचीला प्लॅटफॉर्म बांधून सराव चालतो, सगळ्या दोऱ्यांसकट. तिथून धनुष्य ओढताना हात खाली झुकवायचा नाही, कमरेतून वाकायचं, हे शरीराला आधीच कळलेलं बरं.

एवढं करून १ ऑक्टोबर येतो. धनुष्याच्या हंगामाचा पहिला टप्पा १४ नोव्हेंबरपर्यंत, आणि १५ ला बंदूकवाले उतरतात, मग झाडावर असाल तरी भगवी टोपी किंवा जाकीट सक्तीचं. मिळालं तर ७२ तासांच्या आत ऑनलाइन नोंद करायची. नाही मिळालं तर नाही.

मग आम्हीही येऊ का, असं विचारणारे दोघं-चौघं दरवर्षी निघतात. ऑक्टोबरसाठी नाही म्हणते. त्यासाठी परवाना लागतो, आणि १ जानेवारी १९६० ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकार-सुरक्षेचा कोर्स. त्याशिवाय शिकाऊ परवाना मिळतो, पण जबाबदारी सोबतच्या माणसाची, आणि मी ती घेत नाही. मार्चात मात्र जरूर या. मांडीपर्यंतचे रबरी बूट आणा, डबा आणा, आणि नवं जाकीट घालून येऊ नका, काटेरी ऑटम ऑलिव्ह त्याची चिंधी करतं.